मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्याची पाच शतके

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन पार पडले. या सोहळ्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून भाविक तेथे गेले. अशा यात्रेकरूंचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम बॉम जेझू बॅसिलिका, समोरचे सी कॅथेड्रल, नंतर पणजीला निष्कलंक मातेचे पायऱ्यांचे चर्च आणि संध्याकाळी समुद्रकिनारा. जुन्या गोव्याहून पणजीला येऊन मांडवी नदीच्या काठाने पुढे जाऊ लागले, की डाव्या हाताला एक लांबलचक पांढरी इमारत दिसते. उतरते कौलारू छप्पर, लाकडी सज्जे, खिडक्यांच्या लांब रांगा. गाडी न थांबता पुढे जाते आणि एखाद्या जुन्या सरकारी कचेरीपलीकडे तिच्यात काही असेल असे प्रवाशांच्या मनात येत नाही.

ही इमारत सरकारी कचेरी होती हे खरे आहे. पणजीकर आजही तिला ‘जुने सचिवालय’ म्हणतात. परंतु तिचे दुसरे नाव आहे आदिलशाह पॅलेस, आणि पोर्तुगीजांच्या तोंडी ती होती ‘इदालकाँव’चा राजवाडा. ‘इदालकाँव’ हे ‘आदिलखान’ या नावाचे फिरंगी रूप होय. सुलतानाचा वाडा, किल्ला, विजरईचे म्हणजे पोर्तुगीज राजाच्या प्रतिनिधीचे निवासस्थान, सचिवालय, विधानसभा आणि आता प्रदर्शनांचे दालन, एवढी स्थित्यंतरे या वास्तूने पाहिली आहेत. गोव्यातील ख्रिस्तसभेचा इतिहासही तिच्या आसपास घडला. त्यातील काही पाने आपल्याला अभिमानाची वाटतील, काही वाचताना मान खाली जाईल.

या राजवाड्याची कथा आपण वऱ्हाडातूनच सुरू करू शकतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहामनी राज्य खिळखिळे झाले, तेव्हा ठिकठिकाणचे सुभेदार स्वतंत्र होऊ लागले. १४९० च्या सुमारास वऱ्हाडात फतहुल्ला इमाद-उल-मुल्काने आपली सत्ता उभी केली; एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर हे तिचे मुख्य ठाणे आणि गाविलगड व नरनाळा हे तिचे बळ. त्याच सुमारास विजापुरात युसूफ आदिलशहा स्वतंत्र झाला आणि कोकणकिनाऱ्यावरील गोवा त्याच्या वाट्याला आला. गाविलगडाचे दरवाजे आणि मांडवीकाठचा वाडा ही अशी एकाच मोडलेल्या राज्याच्या दोन वारसांची बांधकामे आहेत. इमादशाहीचा शेवट १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने केला. आदिलशाहीचे गोव्यातील राज्य मात्र त्याच्या कितीतरी आधी संपले.

१५०० च्या सुमारास युसूफने मांडवीच्या मुखाजवळ, पणजी नावाच्या लहानशा वस्तीत हा वाडा बांधला. त्या वेळी गोवा शहर म्हणजे आजचे जुने गोवे. ते नदीच्या वरच्या अंगाला होते. समुद्राकडून येणारे प्रत्येक गलबत पणजीवरूनच पुढे जाई. त्यामुळे येथे उन्हाळी निवास आणि जलमार्गावरील पहारा ही दोन्ही कामे एकत्र साधत. वाड्याला तोफा होत्या आणि भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता.

फेब्रुवारी १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकर्कचे आरमार मांडवीत शिरले, तेव्हा पोर्तुगीजांनी प्रथम पणजीचा हा किल्लाच जिंकला. त्यानंतर शहर फारशा लढाईवाचून हाती आले. परंतु मे महिन्यात आदिलशाही फौज परतली. पोर्तुगीजांना शहर सोडून गलबतांत शिरावे लागले आणि तेवढ्यात पावसाळा सुरू झाला. नदीच्या मुखावरील वाळूच्या दांड्यामुळे बाहेर समुद्रात जाता येईना आणि काठावरून तोफा थांबेनात. पणजीचा किल्ला आता पुन्हा आदिलशहाच्या माणसांकडे होता. अन्नपाण्याचे हाल सोसत पोर्तुगीजांनी तो पावसाळा नदीतच काढला. अखेर २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, त्यांनी गोवा कायमचा जिंकला. जुन्या गोव्यातील संत कॅथरिनचे कपेल या विजयाची आठवण आहे. शहर पडल्यावर तेथील मुसलमान रहिवाशांची जी कत्तल झाली, तिची आठवण सांगणारे मात्र तेथे काही नाही. आपण त्या कपेलपुढे उभे राहू तेव्हा दोन्ही गोष्टी ध्यानात असाव्यात.

पुढे सुमारे अडीच शतके पणजीच्या वाड्याला तसे दुय्यम स्थान होते. तो नदीवरील ठाणे म्हणून राहिला. १६१५ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. पोर्तुगालहून नवा विजरई आला, की शहरात समारंभपूर्वक प्रवेश करण्याआधी तो येथे मुक्काम करी. मावळता विजरईही येथून गलबतावर चढे. नव्याच्या आगमनाच्या आणि जुन्याच्या निरोपाच्या मधल्या चार दिवसांची ही धर्मशाळाच म्हणा ना! (याच्या पुढच्याच वर्षी, १६१६ मध्ये, साष्टीतील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा तो आरंभ होय.)

खरे वैभव होते ते जुन्या गोव्यातील दोन वाड्यांना. तेही मूळचे आदिलशाहीच. त्यांपैकी नदीकाठचा वाडा विजरईचे अधिकृत निवासस्थान झाला. तेथे विजरई आणि गव्हर्नरांची चित्रे लावण्याची प्रथा जुआंव द कास्त्रो याने १५४७ मध्ये सुरू केली. दुसरा वाडा सी कॅथेड्रलजवळच्या चौकात होता. ‘साबायो’चा म्हणजे आदिलशहाचा वाडा असे त्याला म्हणत. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि ते या वाड्यात बसले. राजाच्या महालाचे रूपांतर चौकशीच्या दालनांत व कोठड्यांत झाले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जुने आचार पाळले काय, कोणी घरात काय शिजवले, कोणते सण साजरे केले, याची झडती तेथे होई. शार्ल देल्लों नावाच्या फ्रेंच वैद्याने १६७० च्या दशकात त्या कोठड्यांत दिवस काढले आणि सुटकेनंतर लिहिलेल्या पुस्तकाने सारा युरोप हादरला. १७७४ मध्ये हे न्यायासन बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले.

हा विषय आपल्या मंडळींत निघाला, की एक तर आवाज चढतो किंवा विषय बदलला जातो. दोन्हींची गरज नाही. १२ मार्च २००० रोजी संत जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये क्षमायाचनेचा दिवस पाळला आणि सत्याच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी अवलंबलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. पोपमहोदयांना जे सांगण्यास संकोच वाटला नाही, ते आपण आपल्या मुलांना सांगण्यास का कचरावे?

हे दोन्ही वाडे आज नाहीत. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले. माणसे गेली, दरबार गेला, मग वास्तूंना वापर उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचे अवशेष पाडले गेले. जुन्या शहरातील ढासळलेल्या इमारतींचे दगड नावांतून पणजीला नेऊन नव्या शहराच्या बांधकामात वापरण्यात आले. संत कायतान चर्चजवळ कोरीव दगडांची एक चौकट मोकळ्या जागेत एकटीच उभी दिसते. आदिलशाही वाड्याचे तेवढेच प्रवेशद्वार शिल्लक आहे. विजरईंची चित्रे मात्र वाचली. ती आधी पणजीला आली आणि आता जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चला लागून, फ्रान्सिस्कन व्रतस्थांच्या पूर्वीच्या मठात आहे. राज्यकर्त्यांची चित्रे आपल्या मठात टांगली जातील, अशी कल्पनाही त्या अकिंचन संन्याशांनी केली नसेल.

पणजीच्या वाड्याचे दैव उघडले ते १७५९ मध्ये. साथींना कंटाळलेल्या विजरईने आपले बिऱ्हाड येथे आणले आणि जे चार दिवसांचे मुक्कामाचे घर होते ते सत्तेचे केंद्र झाले. भोवतालच्या दलदलीत भर घालून, रस्ते आखून हळूहळू शहर वाढले. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला आणि ‘नोव्हा गोवा’ हे नाव लाभले. म्हणजे शहराने राजवाडा बांधला असे येथे झाले नाही. राजवाडा आधी होता, शहर त्याच्याभोवती मागून आले.

येथे राहणाऱ्या राज्यकर्त्यांच्या काळातील एक प्रसंग आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा. गोव्यातील देशी धर्मगुरू विद्वान होते, रोम आणि लिस्बनमध्ये शिकलेले होते, तरी वरची पदे त्यांना दिली जात नव्हती. बिशपपदासाठी डावलले गेलेले फादर कायतान फ्रान्सिस्कू द कौतो आणि फादर जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे पोर्तुगालमध्ये दाद मागून थकले. परत आल्यावर काही धर्मगुरू, देशी लष्करी अधिकारी आणि कांदोळीचे पिंटो घराणे यांनी मिळून पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा बेत केला. १७८७ मध्ये तो फुटला. ४७ जणांना अटक झाली. १७८८ मध्ये १५ जणांना पणजीत अत्यंत क्रूरपणे देहान्त शासन देण्यात आले. धर्मगुरूंना लिस्बनच्या तुरुंगात पाठविले गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दोन वर्षे आधी, येशूच्या वेदीची सेवा करणाऱ्या गोमंतकीय धर्मगुरूंनी समान वागणुकीसाठी हे धाडस केले होते. शाळेच्या इतिहासात हे फार कोणी शिकवीत नाही. आज भारतातील बहुतेक सर्व धर्मप्रांतांचे बिशप भारतीय आहेत. ही साधी वाटणारी गोष्ट मिळण्यास किती वाट पाहावी लागली, ते या प्रसंगावरून कळते.

राजवाड्याचे मठ आणि मठांचे राजवाडे होण्याचा उलटसुलट खेळ गोव्यात खूप झाला. १८३० च्या दशकात पोर्तुगाल सरकारने व्रतस्थांचे संघ बरखास्त केले आणि मठ रिकामे झाले. दोना पावलाजवळ समुद्रात शिरलेल्या काबो टोकावर फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ होता. तो प्रथम आर्चबिशपांचे आणि नंतर गव्हर्नरांचे निवासस्थान झाला. आज तेथे गोव्याचे राज्यपाल राहतात आणि मठाचे कपेल अद्याप त्या आवारात आहे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका या धर्मभगिनींच्या भव्य मठात नव्या भगिनी घेण्यास बंदी आली. शेवटच्या भगिनीचा मृत्यू १८८५ मध्ये झाला आणि मग तेथे सैनिकांचा तळ पडला. १९६४ पासून तेथे धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी ‘मातेर देई’ संस्था चालते आणि २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही आहे. एखादी वास्तू इतका लांब वळसा घेऊन पुन्हा आपल्या मूळ कामाशी यावी, हे क्वचित घडते.

काबोची जागा गव्हर्नरांना आवडली आणि १९१८ मध्ये पणजीच्या वाड्यातील त्यांचे वास्तव्य संपले. वाडा सचिवालय झाला. दालनांत फायली आल्या. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. सचिवालये सर्वत्र सारखीच असतात.

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य पणजीत शिरले. पोर्तुगीजांची शरणागती मात्र या वाड्यात झाली नाही. गव्हर्नर वासाल इ सिल्वा आधीच मुरगावच्या बाजूला गेले होते. त्यांनी त्याच रात्री वास्कोला शरणागती पत्करली. सचिवालय नव्या प्रशासनाकडे आले, दाराच्या माथ्यावरील विजरईचे राजचिन्ह जाऊन तेथे अशोकचक्र आले आणि फायलींचे काम पुढे चालू राहिले.

या वास्तूला खरा आवाज फुटला तो ९ जानेवारी १९६४ रोजी. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर गोवा, दमण व दीव विधानसभेची पहिली बैठक येथे भरली. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री होते, पां. पु. शिरोडकर सभापती आणि डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते. शेकडो वर्षे जेथून हुकूम सुटत, तेथे आता शेतकऱ्याच्या, मुंडकाराच्या, मच्छीमाराच्या मतावर निवडून आलेली माणसे बसून एकमेकांशी भांडू लागली. लोकशाहीत हे भांडण शुभच समजावे.

पहिले मोठे भांडण आपल्या महाराष्ट्राविषयीचे होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा असा ठराव १९६५ मध्ये या सभागृहाने संमत केला. बहुसंख्य गोमंतकीय कॅथलिक विलीनीकरणाच्या विरोधात होते आणि अनेक हिंदूही. अखेर केंद्र सरकारने लोकांनाच विचारण्याचे ठरविले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते वेगळ्या केंद्रशासित प्रदेशाला आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाला पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. कौल उलटा लागता, तर मांडवीकाठचा हा राजवाडा कदाचित जिल्हाधिकारी कचेरी झाला असता आणि आपल्या अमरावती-अकोल्याच्या आमदारांसारखेच गोव्याचे आमदारही हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला आले असते.

दुसरे भांडण भाषेचे. त्याची पार्श्वभूमी फार जुनी आहे. २७ जून १६८४ रोजी विजरई कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले होते, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्यास शिकावे. थॉमस स्टीफन्स यांनी ज्या बोलीत प्रभूची कथा सांगितली, त्या बोलीलाच घरातून हाकलण्याचा हा प्रयत्न होता. तो पूर्णतः सफल झाला नाही, परंतु गोव्यातील ख्रिस्ती माणूस आणि त्याची लिखित मराठी यांच्यात जी दरी पडली ती आजही बुजलेली नाही. त्यानंतर ३०३ वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी, याच राजवाड्यातील विधानसभेने राजभाषा कायदा संमत केला. देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली. हा कायदा होण्यापूर्वी गोव्यात आंदोलने आणि हिंसाचार झाला, काहींचे प्राणही गेले. रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्या आपल्या कॅथलिक बांधवांची तक्रार त्यानंतरही राहिली आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तरीही आपली भाषा कोणती हे विजरईने न ठरवता लोकांच्या प्रतिनिधींनी ठरविले. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला.

२००० मध्ये विधानसभा मांडवीच्या पलीकडे पर्वरीच्या टेकडीवरील नव्या संकुलात गेली आणि वाडा पुन्हा रिकामा झाला. जुन्या गोव्यातील वाड्यांचे जे झाले ते याचे होऊ नये, म्हणून डागडुजी करून तो कलाप्रदर्शनांसाठी खुला करण्यात आला. २०१६ पासून भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शने येथे झाली आहेत, गोवा राज्य संग्रहालयालाही येथे जागा मिळाली. काही जाणकारांना वाटते, की राजवाड्याचा इतिहास सांगणारे कायमचे दालन येथे असावे. आमचेही मत तसेच आहे. चित्रे पाहावयास आलेल्या माणसाला आपण कोणाच्या घरात उभे आहोत हे कळलेच नाही, तर ती भेट अपुरी राहते.

आपल्याकडेही पाहण्यासारखे आहे. अकोल्याचा असदगड औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा. १८७० च्या सुमारास त्याची तटबंदी मोडण्यात आली. १९१० च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये मात्र त्याच्या मधल्या हवाखान्यात शाळा भरत असल्याची नोंद आढळते. सरदाराच्या वाऱ्याच्या सज्जात मुले पाढे म्हणत होती! अकोल्यातील आपल्या युवकमंडळांनी एखाद्या रविवारी, मिस्सेनंतर, त्या टेकाडावर जावे. प्रवासखर्चही नाही.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन पुन्हा २०३४ च्या सुमारास अपेक्षित आहे, परंतु बॅसिलिका वर्षभर उघडी असते. गोव्याला जाल तेव्हा पणजीत दयानंद बांदोडकर मार्गावर अर्धा तास राखून ठेवा. राजवाड्याला लागून एका धर्मगुरूचा पुतळा आहे: झगा वाऱ्यावर उडतो आहे, दोन्ही हात पुढे आहेत आणि समोर एक स्त्री मागे कलंडते आहे. अनेक पर्यटक हे दृश्य पाहून भलताच अर्थ काढतात. ते आहेत आबे फारिया, म्हणजे फादर जुझे कुश्तोद्यू फारिया. त्यांचा जन्म १७५६ मध्ये कांदोळीला झाला. वडिलांनी पुढे धर्मगुरूची दीक्षा घेतली, आई सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाली. स्वतः ते रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले. संमोहनात जादूटोणा नसतो, त्याचा उगम ज्याला निद्रा येते त्याच्याच मनात असतो, हे पॅरिसमध्ये प्रथम ठामपणे मांडणारे ते हेच. १८१९ मध्ये ते वारले. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचा, १९४५ चा. जुन्या गोव्याला जाताना संत कायतान चर्चजवळची दगडी चौकटही चुकवू नका. ती फाटकाच्या आत बागेत आहे आणि तिच्यातून सरळ पलीकडे चालत जाता येते.